तीनशे बारा नळ्या आणि एक कडी

तिचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा. तोंडावर पाणी मारलं की पहिलं काम नवऱ्याची अवजारांची पेटी उचलायची. पेटी अठ्ठावीस किलोची. हे वजन मी स्वतः काट्यावर केलेलं आहे, ऐकीव नाही.

नवरा सायकली दुरुस्त करायचा. दुकान म्हणजे चौकातली एक भिंत आणि वर बांधलेली ताडपत्री. त्याची कंबर एकदा धरली ती धरलीच, तेव्हापासून ओझं तिच्याकडे आलं. पहिल्या खेपेला पेटी. दुसऱ्या खेपेला उभा पंप, पंक्चर शोधायचं पाण्याचं घमेलं आणि सायकल टांगायचा लोखंडी स्टँड. घर ते चौक सहाशे पावलं. सव्वापाचला सगळं जागेवर. घरोघरी पेपर टाकणारे साडेपाचला यायचे, तीच पहिली गिऱ्हाइकं.

शेजारणी म्हणायच्या, सहाला नेलं तर काय आभाळ कोसळणार आहे? पण कारखान्यात तिचं काम चिमट्याचं होतं. जड उचललं की हात पुढे दोन-अडीच तास बारीक थरथरत राहतो. नुसत्या डोळ्याला ते दिसत नाही, भिंगाखाली दिसतं. आठला टेबलावर बसायचं तर साडेपाचला हात मोकळे हवेत. त्या खात्यातल्या बायका कामावर येण्याआधी चादर पिळत नसत, भरलेली बादली उचलत नसत. ज्यांच्या घरी हे काम घ्यायला दुसरं कोणी नव्हतं, त्या पहाटेच उरकून टाकायच्या. ती त्यांतली एक.

कारखान्यात तिला सगळे टाचणी म्हणायचे. अंगाने बारीक, बसणं ताठ, आणि बोलली की टोचणार. मी तार खात्यात होतो, एकतीस वर्षं. माझी तार तिच्या टेबलावर नग होऊन जायची, त्यामुळे तिचं काम मी जवळून बघितलं.

आम्ही काय करायचो ते आधी सांगतो. बाईच्या छातीत गाठ लागली की डॉक्टर सुईने तिचा तुकडा काढून तपासायला पाठवतात आणि त्याच जागी एक खूण ठेवून देतात. ती खूण आमच्याकडे व्हायची. टायटॅनियमच्या तारेची, तिळाहून लहान. एका पाकिटात एक बारीक नळी, नळीत एक खूण; डॉक्टर दट्ट्या दाबून ती आत सोडतात. अंगात राहिली तरी खुपत नाही, गंजत नाही. पुढे औषधांनी गाठ विरून गेली तरी एक्स-रेत खूण दिसते आणि सर्जनला जागा कळते. खुणा तीन घाटांच्या: कडी, वेटोळं आणि फीत. कधी एकाच बाईला दोन गाठी असतात, एक साधी, एक वाईट. मग एकीत कडी ठेवतात, दुसरीत वेटोळं, म्हणजे फोटो बघून कुठली कोणती ते ओळखता येतं. आता वेटोळ्याच्या पाकिटात कडी गेली तर काय होईल, ते सांगायला डॉक्टर लागत नाही.

नवीन बायका लागल्या की गुणवत्ता खात्याच्या मॅडम त्यांना असा एक फोटो दाखवायच्या. राखाडी ढगात पांढरा ठिपका, आणि मोठा करून बघितला तर स्वच्छ गोल कडी. टाचणी नवीन लागली तेव्हा बाकीच्या बायका बघून पुढे सरकल्या. टाचणी तिथेच उभी.

"मॅडम, ही बाई आता कशी आहे?"

"कोणास ठाऊक. फोटोवर नाव नसतं."

"म्हणजे आपण पान वाढायचं आणि जेवणाऱ्याचं तोंड बघायचं नाही."

"तसंच समज," मॅडम म्हणाल्या. "म्हणून वाढताना बघायचं."

हे तिने मनावर घेतलं.

तीन वर्षं ती हंगामी होती. कायम व्हायचं तर कार्ड सलग सहा महिने कोरं लागायचं, एकही शेरा नको. त्या वेळी तिचे साडेपाच महिने भरले होते. पंधरा दिवस उरले होते, आणि नेमका तेव्हाच चौकासमोरचा एक गाळा रिकामा झाला. शटरवाला, आत दिवा, पुढे दोन सायकली उभ्या राहतील एवढी फरशी. नवरा विचारायला गेला. मालक म्हणाला, "सायकलवाल्याचं आज आहे, उद्या नाही. घरात कोणाची कायम नोकरी असेल तर पत्र दाखव आणि किल्ली घेऊन जा. महिनाअखेरपर्यंत थांबतो."

त्या दिवसापासून नवऱ्याचं अर्धं लक्ष समोरच्या शटरवर. टाचणीची धाकटी जाऊ आमच्याच कारखान्यात होती, नळ्या भरायच्या टेबलावर. ती जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगायची, "भाऊजी परवा पंक्चर काढताना गाळ्याकडे बघत होते. ट्यूबऐवजी स्वतःच्या बोटालाच ठिगळ लावून बसले."

हे झालं एका मंगळवारी.

सकाळी कड्यांचा लॉट होता, चारशे नगांचा. कड्या एकटी टाचणीच तपासायची. दुपारी वेटोळी घ्यायची होती. एक घाट संपला की टेबल साफ करायची रीत अशी: ट्रे उचलायचे, टेबलावर चिकट रोलर फिरवायचा, चिमट्याची टोकं भिंगाखाली बघायची, बोटांवरच्या रबरी टोप्या काढून नव्या घालायच्या, आणि नग मोजायचे. हिशेब जुळल्याशिवाय दुसरा घाट टेबलावर येता कामा नये.

टाचणीने मोजले. तीनशे नव्याण्णव. पुन्हा मोजले. तेवढेच.

आमच्या सुपरवायझरला आम्ही घड्याळ म्हणायचो. माणसाशी बोलताना तो भिंतीवरच्या काट्यांशी बोलायचा. त्याने काट्यांकडे बघितलं आणि वेटोळी लावायला सांगितली. "शोधणं चालू द्या, काम थांबवू नका. उद्या नवाला गाडी दारात उभी राहील." पाकिटं निर्जंतुक करायला बाहेर जायची, ती ही गाडी.

बायकांनी खुर्च्यांच्या फटी बघितल्या, जमीन रोलरने घेतली, सकाळच्या कचऱ्याची पिशवी हाताने चाळली. पाच वाजले. तोवर तीनशे बारा वेटोळी निळ्या प्लास्टिकच्या बारीक नळ्यांत भरून, पाकिटं सील होऊन ट्रेमध्ये लागली होती. कडी कुठेच नव्हती. म्हणजे ती तीनशे बारांपैकी कुठल्याही नळीत असू शकत होती.

मी दुसऱ्या दिवसाची तार द्यायला गेलो होतो, तेव्हा हे कानावर पडलं.

"भंगारात एक नग लिही," घड्याळ म्हणाला. "वाकडी निघाली, टाकली. मिटलं."

"मी बघितलीच नाही, तर वाकडी कशी म्हणू?"

"अगं, चारशेत एक!"

"जिच्या अंगात जाईल तिला चारशे जाणार नाहीत, साहेब. एकच जाईल."

घड्याळाने आवाज खाली घेतला. "हे बघ, लाल चिठ्ठी टाकलीस तर लॉट थांबेल आणि शेरा तुझ्या कार्डावर येईल. दहा-बारा दिवस राहिलेत तुझे. मी तुझ्या वाइटाचं सांगतोय का?"

"नाही. भल्याचंच सांगताय."

जाऊ शेजारून म्हणाली, "जाऊबाई, गाळ्याचं बघा हो. भाऊजी कालच आतून रंग कुठला द्यायचा ते विचारत होते."

"तुझे भाऊजी चहा घेताना पण रंग कुठला ते विचारतात."

"मग काय करताय?"

टाचणी थोडा वेळ पेन हातात धरून बसली. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण तारेची रिळं उतरवून झाली तरी ती तशीच होती. सोळा रिळं होती. मग तिने स्वतः उठून खणातली लाल चिठ्ठी काढली, भरली, खाली सही केली आणि ट्रेवर चिकटवली.

लाल चिठ्ठीचा अर्थ असा की सगळी पाकिटं फोडायची, नळ्या रिकाम्या करायच्या, वेटोळी एकेक तपासून नव्या नळ्यांत भरायची. आख्ख्या खात्याचं तीन दिवसांचं काम. शनिवारपर्यंत माल गेला नाही तर महिन्याचा बोनस सगळ्यांचाच बुडणार. गेटपर्यंत जाताना बायकांनी तिला सोडलं नाही. "कडी तुझी आणि बेडी आमच्या पायात!" एक म्हणाली.  

दुसऱ्या दिवशी ती आठला टेबलावर बसली नाही. थेट मॅडमकडे गेली.

"मॅडम, पाकिटं फोडायची कशाला? ही वस्तू एक्स-रेत दिसावी म्हणूनच आपण करतो ना? मग पाकिटासकट दिसेल की."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांच्याकडे एक छोटं मशीन होतं, शिशाच्या जाड पेटीचं. दार घट्ट लागल्याशिवाय चालायचंच नाही. प्रत्येक लॉटमधले पाच नग नमुन्याला त्यात बघायचे, एवढंच त्याचं काम.

"त्यात एका वेळी एकच पाकीट बसतं," मॅडम म्हणाल्या. "आणि कडी बाजूने दिसली तर नुसती रेघ दिसेल. दोन बाजूंनी फोटो घ्यावे लागतील. पाकिटाला चार मिनिटं धर."

"वीस तास अठ्ठेचाळीस मिनिटं. मी काल रात्रीच हिशेब केलाय. तीन दिवसांत होतं. बाकीच्या बायका त्यांचं काम करतील. मी एकटी बसते."

मॅडमनी तिला तासाभरात मशीन शिकवलं.

दार उघडायचं, पाकीट ठेवायचं, दार लावायचं, फोटो, दार उघडायचं, पाकीट पाव वळसा फिरवायचं, दार लावायचं, फोटो, बघायचं, लिहायचं. सहाशे चोवीस वेळा ते दार लागणार होतं. कोणाला सोपं वाटत असेल त्याने घरचं कपाट तेवढ्या वेळा उघडून लावून बघावं, आणि प्रत्येक वेळी आत काय आहे ते नीट बघावं. शंभराव्या वेळी डोळा आपोआप 'ठीक आहे' म्हणायला लागतो. टाचणीने त्याला एक उपाय काढला होता. दर दहा पाकिटांनंतर उठून ती खिडकीपाशी जायची, बाहेरच्या कुंपणाचे खांब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजायची आणि परत येऊन बसायची.

बुधवारी एकशे चार पाकिटं झाली. सगळी वेटोळीच. गुरुवारी दोनशे आठ. सगळी वेटोळीच. दुपारी जेवताना बायका तिच्या मागे लागल्या.

"काय टाचणी, आज किती कड्या?"

"एकही नाही."

"अगं बाई, मग सापडणार कधी?"

"सापडू नये म्हणूनच शोधतेय मी."

"ऐका! हिला पगार शोधायचा नाही, न सापडायचा देतात," जाऊ म्हणाली आणि सगळ्या हसल्या. टाचणीही हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

शुक्रवारी दुपारी दोनशे एकाहत्तरावं पाकीट तिने आत ठेवलं आणि फोटोत काहीच आलं नाही. नळीच्या दोन पुसट रेघा, मधे काळोख. तिला वाटलं मशीन बिघडलं. पाकीट फिरवून पुन्हा फोटो घेतला, तेच. आधीचं पाकीट परत घातलं, वेटोळं नीट दिसलं. मग तिने मॅडमना हाक मारली.

नळी रिकामी होती. डॉक्टर दट्ट्या दाबणार, आतून काही पडणार नाही, आणि त्याला वाटणार खूण ठेवली. चार-सहा महिन्यांनी गाठ विरलेली, फोटोत खूण नाही, आणि सर्जन हातात चाकू घेऊन जागा शोधतोय. 

हे घडलं कसं, तर आमच्या मोजण्यात खोट होती. वेटोळी दिली तीनशे बारा, भरलेल्या नळ्या मोजल्या तीनशे बारा. हिशेब जुळला. पण मोजल्या त्या नळ्या. आत काय आहे ते कोणी मोजत नव्हतं. टोपण लावताना एक वेटोळं नळीच्या तोंडातून निसटलं असणार, भरणारीला कळलंही नसणार.

घड्याळ आला. "ही नळी भरली कोणी? पाचच जणी होत्या. वहीतून भरणारीचा नंबर काढा."

जाऊ दारातच होती. मान खाली, आणि तोंडातून एक टोमणा नाही. असं मी तिला आधी बघितलं नव्हतं.

"नंबर नका काढू," टाचणी म्हणाली.

"का म्हणून?"

"आज तिला पकडलंत तर उद्या हरवलेली वस्तू कोणी सांगायची नाही. कडी हरवली हे मी सांगितलं, म्हणून ही नळी निघाली. नाहीतर बुधवारी नवाच्या गाडीने गेलीच होती."

मॅडमनी पुढे केलेली वही परत मिटली. मग टाचणीच म्हणाली, "नळीत नाही, तर ते वेटोळं कुठेतरी असेल ना? लाल चिठ्ठीमुळे मंगळवारचा कचरा अजून टाकलेला नाही. पिशवीच मशीनमध्ये घालू या."

दुपारची पिशवी दाबून बसवली. रोलरच्या चिकट कागदाला चिकटलेलं वेटोळं पडद्यावर पांढरं दिसलं. ते दिसल्यावर सकाळची पिशवी घालायची हे कोणी कोणाला सांगावं लागलं नाही. त्यात रबरी टोप्यांचा गुंडाळा होता, आणि एका टोपीच्या आत कडी. गोल, स्वच्छ, जशीच्या तशी. टोपी बोटावरून काढताना ती उलटी गुंडाळली जाते. कडी तिच्या कडेला चिकटली होती, ती आत ओढली गेली. चाळताना टोप्या उलगडून बघायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

घड्याळाने कपाळावर हात मारला. "मंगळवारीच ही पिशवी घातली असती तर दहा मिनिटांचं काम होतं!"

"होतं," टाचणी म्हणाली. "आणि दोनशे एकाहत्तर नंबर गेला असता."

 तो काट्यांकडे बघून म्हणाला, "बरं, आवर आता. संध्याकाळच्या गाडीत घालू."

"एक्केचाळीस राहिलीत."

"कडी मिळाली ना?"

"रिकामी नळी एकच आहे हे कोणी सांगितलं?"

घड्याळाने खुर्ची ओढली, तिच्या शेजारी बसला आणि एकेक पाकीट तिच्या हातात द्यायला लागला. त्या पावणेतीन तासांत त्याने भिंतीकडे बघितलं नाही. एक्केचाळीसही पाकिटं चांगली निघाली. माल शनिवारी सकाळी गेला. बोनस वाचला.

शेरा मात्र राहिला. मॅडम काढायला तयार होत्या. टाचणीने नको म्हटलं. "टोपी न बघता टाकली ती मीच. कड्यांच्या टेबलावर दुसरं होतं कोण?" मला हे पटलं. काम तिने तिप्पट केलं होतं, पण चूक तिचीच होती. एकाने दुसरं खोडलं जात नाही. सहा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

गाळा महिनाअखेरीला एका केस कापणाऱ्याने घेतला. नवरा दोन दिवस घरात बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्याकडेच जाऊन केस कापून आला.

"कात्री बरी चालते," तो म्हणाला. "आरसा तेवढा वाकडा लावलाय. मी सरळ करून देतो म्हटलं."

"तो स्टँड आधी सरळ करा घरचा," टाचणी म्हणाली. घरात बोलणं सुरू झालं.

कारखान्यात नियम बदलले. बोटांवरच्या टोप्या भिंगाखाली बघूनच टाकायच्या. आणि नमुन्याचे पाच नग नाही, प्रत्येक पाकीट एक्स-रेखाली जाणार. एका वेळी वीस पाकिटं बसतील असं मोठं मशीन आलं, त्याच्यासाठी वेगळी खोली झाली, आणि त्या खोलीत कोणाला बसवायचं यावर चर्चाच झाली नाही. बायकांनी टोमणा मारायचा म्हणून मारला, "आता टाचणी आपल्या पोटातलंही बघणार," पण एखादी वस्तू सापडली नाही की पहिली हाक तिलाच जायची.

जाऊ त्या नळीबद्दल कधी काही बोलली नाही. टाचणीनेही विचारलं नाही. पण पुढच्या सोमवारपासून पावणेपाचला धाकटा दीर दारात येऊन उभा राहू लागला. पेटी तो उचलायचा, हिच्याकडे फक्त घमेलं. टाचणीने जाऊला विचारलं, "अगं, त्यांची झोप कशाला मोडतेस?"

"पोट सुटलंय त्यांचं," जाऊ म्हणाली. "व्यायाम हवाय."

सहा महिने भरले. कार्ड कोरं. कायमचं पत्र तिला मॅडमनी दिलं, आणि त्या दिवशी घड्याळाने तिला एक तास लवकर सोडलं. हे त्याच्या नोकरीत एकदाच झालं असावं. ती पत्र घेऊन घरी गेली नाही, चौकात गेली. नवरा एका सायकलीची साखळी घालत होता. हात काळे, म्हणून त्याने पत्राला हात लावला नाही. तिने वाचून दाखवलं. त्याने साखळी पूर्ण घातली, गिऱ्हाइकाला सायकल दिली आणि मगच, गाळा शोधायला जायचं म्हणून, ताडपत्री सोडायला उठला.

गाळा मिळाला तो चौकातला नव्हे. दोन गल्ल्या मागे, आठ फूट बाय दहा, आधी तिथे कोणी रिकामे डबे ठेवायचं. शटर गंजलेलं, जमीन उखडलेली. तिच्या कायम पगाराच्या पहिल्या दोन महिन्यांत जमीन सिमेंटची झाली आणि शटर बदललं. तिसऱ्या महिन्यात दिव्याचं मीटर आलं. त्यानंतर सात महिने थोडं थोडं बाजूला ठेवून तिने हवा भरायचं विजेचं यंत्र घेतलं, चाकांवरचं, लाल रंगाचं. ते बसवलं त्या दिवशी मी माझी सायकल घेऊन गेलो होतो. नवऱ्याने खटका दाबला, एका हाताने नळी धरली, आणि माझी दोन्ही चाकं खाली न वाकता भरून दिली.